डावीकडचा उजेड

विट्याच्या आमच्या कॉलेजचं नाव निघालं
की लोक विचारायचे, "बास्केटबॉलवालं ना?"
आम्ही हो म्हणायचो.
आपण फुटबॉल खेळतो हे सांगेपर्यंत
त्यांचा थांबा आलेला असायचा.

त्यांना फी माफ. वसतिगृहात खोली.
रोज दोन अंडी, चार केळी,
जिमखान्याच्या वहीत सही केली की नवे बूट.
आम्हाला कणसे सरांनी एक चेंडू दिला,
तोही सहीवर,
"फुटला तर भरून द्यायचा" असं वर बजावून.

हा खेळ आमच्यात आणला निशांत देवकरनं.
बापाचं गलाईचं दुकान कोझिकोडला.
सोनं वितळवायच्या भट्टीमागच्या गल्लीत
पोरगा अनवाणी खेळत वाढलेला.
दुकान विकून सगळे परत आले तेव्हा
तो मराठीत अडखळायचा.
चेंडू पायात आला की नाही अडखळायचा.

मैदान म्हणजे कोर्टापलीकडचा माळ.
त्यांच्या चार फ्लडलाइटमधून सांडलेला उजेड
आमच्या डाव्या बाजूवर पडायचा,
मधल्या रेषेपर्यंत कसाबसा पोचायचा.
उजवीकडे काळोख, बाभळी आणि मी.

यंत्रमागावरची पाळी टाकून पोरं जमायची
तोवर सात वाजलेले.
म्हणून आमचे सगळे हल्ले डावीकडून.
डावपेच नव्हता तो.
वीजबिल होतं.

माझ्याकडे चेंडू आधी आवाजानं यायचा.
कुसळांतून सर्र, खडीवर टप्,
मग मुबीन मुल्लाची शिवी,
म्हणजे तो माझ्या मागे गेला.

साडेआठला त्यांचा सराव संपायचा.
खट्. एक दिवा. खट्. दुसरा.
चौथ्या खट्‌ला आम्ही चपला शोधायचो.

हेमंत रणखांबे. सहा फूट चार इंच. त्यांचा कॅप्टन.
नोव्हेंबरात त्याच्या गुडघ्यात काहीतरी तुटलं,
ओरडणं आमच्या माळापर्यंत आलं.
जानेवारीत खोली गेली, अंडी गेली,
फीची पावती आली.
फेब्रुवारीत एका संध्याकाळी तो
कुंपणाच्या तारेला धरून उभा.
"गोलकीपर पाहिजे का?"

पाहिजेच होता.
आमचा सोमा मेटकरी मेंढरं घेऊन घाटाखाली गेलेला.
निशांतनं विचारलं, "गुडघा?"
"हात आणलेत की," तो म्हणाला.

आमच्याकडे त्याला द्यायला काहीच नव्हतं.
त्याला तेच बरं वाटलं असावं.
दिलंच नाही ते
कोण कशाला काढून घेईल.

मिरजेला गेलो. एसटीचं भाडं ज्याचं त्यानं.
अंगात बास्केटबॉलच्या जुन्या, बिनबाह्यांच्या जर्सी.
हेमंतच्या वाट्याला त्याचीच आली, सात नंबरची.
ती त्यानं उलटी करून घातली.

पाच गोल खाल्ले.
पाचवा त्याच्या लंगड्या बाजूनं, सावकाश,
म्हैस आपल्या पायांनी गोठ्यात शिरावी तसा.
आम्ही सवयीनं डावीकडूनच जात राहिलो
आणि समोरच्यांना ते दहा मिनिटांत कळलं.

सामना उशिरा सुरू झालेला. अंधारून आलं.
रेफरी घड्याळ डोळ्यांपाशी नेऊन बघत होता
तेव्हा हेमंतनं चेंडू दोन्ही हातांत घेतला,
कोर्टाच्या या टोकाहून त्या टोकाला फेकायचा
तसा फेकला.
उजवीकडे.

मला दिसला नाही.
टप् ऐकू आलं.
मुबीनची शिवी आली नाही,
म्हणजे पुढ्यातच होता.
मारला.

जाळीत चेंडू अडकल्याचा आवाज
मी आधी कधी ऐकला नव्हता.
आमच्या गोलला जाळी नव्हती.

फळ्यावर चार रंगांच्या खडूंनी लिहिलेलं:
बास्केटबॉल, विभागीय विजेते.
खाली पांढऱ्यानं: फुटबॉल, सहभाग.
त्याच्यापुढं कुणीतरी, कोण ते कधी कळलं नाही,
एवढा मोठा १ काढला.

सोमवारी परीक्षेच्या वेळापत्रकासाठी
शिपायानं फळा पुसला.
पण तो एक फार दाबून काढलेला.
भूगोलाच्या पेपरपुढं
बरेच दिवस दिसत होता.