कंदील कोणत्या खांद्यावर

दोंडाईच्याहून आक्का बिबडे पाठवते.
ड्रिपरच्या नमुन्यांमध्ये मी त्यांची चळत बसवतो
आणि पेटीचा एक कोपरा मोकळा ठेवतो.
तो येतानाचा.

पहिला मिळाला नैरोबीपासून चार तासांवर,
लाल मातीत नळ्या अंथरून झाल्यावर, टपरीच्या फळीवर:
अंग तारेचं, डोळे बाटलीच्या बुचांचे.
लगेच ओळखला. डबडू.

अंकाराच्या दुकानदारानं त्याचं दुसरंच नाव सांगितलं,
लिमाच्या म्हातारीनं तिसरं.
मी आपला छाती ठोकून दाखवायचो, पत्र्याची,
गुडघ्याला स्प्रिंग, खांद्यावर कंदील,
आणि अहिराणीत घासाघीस करायचो.
चालतं. बोटं सगळीकडे पाचच.

कस्टमवाला स्क्रीनवर बघतो :
शंभर ड्रिपर, दोन व्हॉल्व्ह, मध्ये हात वर केलेला एक इसम.
"मुलांसाठी?"
हो म्हणतो. माझा मुलगा आता पुण्यात घराचे हप्ते फेडतो.

खोट एकच, सगळ्यांमध्ये.
कंदील डाव्या खांद्यावर.
आमच्या डबडूचा उजव्या खांद्यावर होता,
मी तापीत उभं राहून शपथ घेईन.
जगभरच्या कारखान्यांना
एवढं साधं कळू नये?
मग रात्री हॉटेलात, ब्लेडनं अलगद
कंदील सोडवायचा, उजवीकडे धरायचा
आणि पाइपाचं सोल्युशन लावून
बातम्या संपेपर्यंत दाबून ठेवायचा.
असे अकरा दुरुस्त केले.
जळगावच्या शोकेसमधून त्यांच्यापायी कपबशा हलल्या.
बायको म्हणाली, कपांनी काय घोडं मारलं होतं?

बारावा आणला आणि आखाजी आली,
त्याच्या खांद्याला हात लावायचा राहून गेला.
आक्का माहेरपणाला आली, म्हणजे माझ्याकडेच,
माहेर म्हणून आता मीच उरलोय.
हात पुसले तरी तिच्या बोटांना मिरचीचा वास.
एकेक बाहुला उचलून ती बघत होती,
बाराव्यापाशी थांबली.
हा चुकलेला आहे, मी म्हटलं, अजून करायचाय.

ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून,
मग पदर सोडून.
"इसरी गया का रे, भाऊ?
आपन ते परदाना मांगे बठूत!"

सारंगखेड्याची जत्रा. बाप घोड्यांचे तोबरे विकायचा.
तंबूच्या पुढच्या बाजूला तिकीट,
मागच्या बाजूला नदीची वाळू, पौषाची थंडी
आणि त्या दिवशी न विकलेली घोडी.
त्यांच्या पायांमध्ये आम्ही दोघं, एका घोंगडीत.
कापडातून झिरपून आलेला डबडू
उलटा, फिकट, आणि फुकट.
पडद्यावर अक्षरं यायची तीही उलटी.
मी आक्काला सांगितलं होतं,
त्यांच्या देशात असंच लिहितात.
तिनं ते शाळेत सांगून मार खाल्ला होता.
हे तिला आठवत होतं. मला नव्हतं.

अकरा देशांत अकरा बरोबर बाहुले
मी चुकीचे करून आणले.
आता सुटायचे नाहीत. एकदा सोल्युशन बसलं
की पाइप तुटेल, सांधा नाही,
हे मीच गावोगाव शिकवत फिरतो.

आक्कानं बारावा उचलला,
भिंतीकडे तोंड करून ठेवला.
"आते देख."
कंदील नेमका तिथं आला,
वाळूवर बसल्यावर जिथं दिसायचा तिथं.

खरं तर आम्हाला त्याची पाठच दिसायला हवी होती,
मागे बसणाऱ्याला तेवढंच मिळतं.
पण कापड पातळ होतं.

आक्का म्हणाली, चहा टाक.
आणि ते पांढरं घोडं आठवतं का,
पिच्चरभर माझी वेणी चघळत होतं ते?