महिरावणीच्या पुढे

त्र्यंबक नाक्यापासून चौदा किलोमीटर ती बोलत बोलत येते,
सातपूरच्या सिग्नलला जरा घुटमळते, माझ्यासारखीच,
आणि महिरावणीच्या पुढे, चढ नाही, खड्डा नाही,
एक उचकी,
दुसरी उचकी,
मग रस्त्याच्या कडेला मी, ती, शालनचा थर्मास
आणि समोर अंजनेरी.

दहा मिनिटं थांबलं की चालू. जणू काही झालंच नाही.

ट्रायम्फ स्पिटफायर, सदुसष्टची. पांढरी होती,
आता जुन्या शर्टाच्या बटणाच्या रंगाची.
देवळालीला खोरशेदबाईंच्या शेडमधून ढकलत बाहेर काढली तेव्हा
सीटखाली निघाली उंदराची पिल्लं आणि केसांचा एक चिमटा.
बाई म्हणाल्या, "पिल्लं तुमची, चिमटा माझा."

ओझरला एकतीस वर्षं मी विमानांच्या इंधननळ्या तपासल्या,
म्हणून आधी कोणाला विचारलं नाही.
वही केली. तारीख, तापमान, लक्षण.
कॉइल बदलली. कंडेन्सर बदलला.
पॉइंट घासले, फट पत्तीने मोजली, पुन्हा मोजली.
प्लग काढून उन्हात ओळीने मांडले, चारही बिस्किटी,
कशाचीच तक्रार नसलेले साक्षीदार.
फ्युएल पंपाला ओला पंचा गुंडाळला
ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.
शालन गच्चीवरून म्हणाली, "तो माझा चांगला पंचा आहे."
तरीही महिरावणी.

शेवटी वडाळा नाका, हनीफ कोकणी.
त्यांनी वही उघडलीसुद्धा नाही.
बॉनेट पुढे कलंडवलं, गाडीचा अख्खा चेहराच उघडला,
पुढच्या चाकावर बसले, पाटावर बसावं तसे,
स्क्रूड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला,
टोक टॅपेटच्या कव्हरवर.
मग रबरी नळी, एक टोक कानात,
दुसरं आधी या कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग त्या.
"एक दमेकरी, एक झोपाळू," म्हणाले,
पाव आटा फिरवला. दोघांचा श्वास जुळला.
मला हसू आलं.
"हसू नका. हा तुमचा आजार नाही. दिसला म्हणून काढला."

"बंद पडली की तुम्ही काय करता?"
चिडतो.
"त्याच्यानंतर?"
टाकीत पेट्रोल आहे का बघतो.
"कसं बघता?"
झाकण उघडून.
"उघडताना आवाज?"

होता.
प्रत्येक वेळी होता.
बारीक, आत जाणारा,
तिखट लागल्यावर दातांतून हवा ओढावी तसा.
वहीत तो कुठेच नव्हता.

त्यांनी झाकण पालथं करून उजेडात धरलं.
कडेखाली टाचणीएवढं भोक,
टाकीनं हवा घ्यावी म्हणून ठेवलेलं,
आणि भोकात काहीतरी पांढरं, वाळून घट्ट झालेलं.
पॉलिश.
रविवारचं. दर रविवारचं.
मऊ फडक्याने, गोल गोल, क्रोममध्ये माझं नाक दिसेपर्यंत.

शेजारच्या टेलरकडून सुई आली.
एक टोचणी. बोटावर आलं ते तिळाहून लहान.
हनीफभाईंनी ते माझ्या वहीच्या पानाला पुसलं,
तारखेच्या शेजारी.

"आणि सकाळी थंड असताना ती टिकटिक?"
"टॅपेट आहे. राहू द्या. वाजतोय तोवर फट आहे,
गप्प झाला की व्हॉल्व्ह जळणार."
पैसे विचारले तर म्हणाले, "सुईचे काय घेऊ,
नळी लावली तिचे द्या."

काल पहाटे चोक ओढून निघालो.
सातपूर. पिंपळगाव बहुला. धुकं.
महिरावणी मागे पडली तसा पाय आपोआप हलका झाला,
कान पाठीमागे, टाकीकडे.
काहीच झालं नाही.
शालनने सवयीने थर्मासचं झाकण फिरवायला घेतलं होतं,
मग थबकली, माझ्याकडे बघितलं,
"आता नाही का थांबायचं?"

थांबलो.
इंजिन बंद केलं नाही.
अंजनेरी हळूहळू धुक्यातून वर येत होती
आणि बॉनेटखाली
टिक, टिक, टिक.