क्षची किंमत

कनेक्टिकट, नोव्हेंबर १९१९

फळासुद्धा आणला होता त्यांनी पुराव्यात.
खडू पुसला जाऊ नये म्हणून दोघांनी कडेकडेनं धरून,
आजारी माणूस जिन्यावरून उतरवतात तसा.
त्यावर लिहिलेलं: दोन क्ष अधिक तीन बरोबर अकरा.
खाली अर्धी ओळ, दोन क्ष बरोबर,
आणि मग खडूची एक लांब घसरलेली रेघ,
दार फुटलं त्या क्षणाची.

मी टंकलेखिका. वय एकोणीस.
आठवड्याला बारा डॉलर, दुपारचं जेवण आपलं आपण.
वडिलांनी आमचं आडनाव कापून आखूड केलं होतं,
मोठ्या भावाच्या कोटाची बाही धाकट्यासाठी करतात तसं.
घरी आई शेजारणीशी रशियन बोलायची.
कचेरीत हे कुणाला ठाऊक नव्हतं.

कुठल्याशा शहरात कुणाच्याशा दारात बॉम्ब फुटला होता,
आणि आमच्या गावात लोक पार्सलं
आधी बादलीत बुडवायचे, मग उघडायचे.
मिसेस टटलनं तर बहिणीनं पाठवलेला केकही बुडवला.
हसू नका.
मीही बुडवला असता.

ओनुफ्री हाल्को. पितळेच्या कारखान्यात, घासकामावर.
नखांभोवती हिरवट रेघ, रविवारीही न जाणारी.
रात्रीच्या वर्गातून उचललेल्या एकतिसांतला अठरावा.
डाव्या कानावर कापूस, त्यावर कुणाचा तरी रुमाल.
कापूस कशानं, ते कुणी विचारलं नाही,
म्हणून कागदावर नाही.

प्रश्न: अकरा म्हणजे काय? अकरावा महिना?
उत्तर: अकरा म्हणजे अकरा, साहेब.
प्रश्न: आणि हा क्ष कोण?
तो हसला. हसणं टंकता येत नाही, मी तीन टिंबं मारली.
उत्तर: तेच शोधत होतो.

साहेब माझ्याकडे वळले. हे नीट घ्या, म्हणाले.
घेतलं.

प्रश्न: तुझा सरकारवर विश्वास आहे का?
तो बराच वेळ गप्प.
वाफेच्या नळात कुणीतरी आतून ठोठावत असल्यासारखा आवाज.
मग रशियनमध्ये, सावकाश,
पाटीवर एकेक अक्षर काढावं तसं:
आमच्या गावी सरकार म्हणजे घोड्यावरचा माणूस.
इथलं मला अजून कळत नाही.
कळावं म्हणून तर शाळेत जातो.
मास्तर म्हणाले, आधी गणित, मग राज्यघटना.

दुभाष्याकडे घड्याळ होतं, घड्याळात पावणेसहा.
तो म्हणाला, नाही म्हणतोय.

माझी बोटं कळांवर.
चारच शब्द पुरले असते:
तो असं म्हणाला नाही.
पण मग साहेबांनी मान तिरकी करून विचारलं असतं,
तुला गं कसं कळलं?
आणि आडनावाचा कापलेला तुकडा
त्यांनी कुठून ना कुठून शोधून आणला असता.

उत्तर: नाही.

दोन अक्षरं. घंटी वाजली, गाडा सरकला,
एकोणिसावा आत आला. त्याला खोकला होता.

डिसेंबरात जहाज गेलं, पहाटे, कुणालाही न कळवता.
पेलाग्या हाल्को तीन दिवसांनी आली.
पुठ्ठ्याच्या खोक्यात त्याचे रबरी बूट,
कारण तिकडे चिखल असतो, असं ती मला सांगत राहिली,
आणि मी खांदे उडवत राहिले, भाषा न येणारीसारखी.
खोकं परत नेल्याच्या पावतीवर सही हवी होती.
तिनं फुली मारली, काळजीपूर्वक,
दोन्ही पाय टेकलेली,
फळ्यावर होती अगदी तशी.

फळा पुढे तळघरातच राहिला.
रखवालदार त्यावर कोळशाचा हिशेब मांडायचा,
वरचा कोपरा तेवढा सोडून. पुरावा आहे, म्हणायचा.
एका संध्याकाळी मी खाली गेले होते, खडूचा तुकडा मुठीत.
तसाच घामेजलेला परत आणला.

उत्तर चार येतं.
मला तेव्हाही येत होतं.