झिजेचा तक्ता

मिलिंग मशीन चारशे झ्लोटींना मिळालं,
तळघरातून आपलं आपण उचलून न्यायच्या बोलीवर.
बिएल्स्कोत डिसेंबर, जिन्यावर बर्फाचा चिखल,
मी, मेहुणा क्सावेरी, आणि एक दोर
ज्याच्यावर दोघांचाही भरवसा नव्हता.
बोगूमिलाबाई वरच्या पायरीवर, हात शालीत.
"काय करायचे ह्यावर?"
"बारीकसारीक," त्या म्हणाल्या, "झेनॉन सांगायचे नाहीत.
जेवायला बसले की हातांना पितळेचा वास यायचा."

बाकी सगळं भंगारातून.
मोटरी बंद पडलेल्या बँकेच्या झेरॉक्स मशीनच्या,
ट्रान्सफॉर्मर लग्नांत वाजून वाजून मेलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचा,
बोर्ड चीनहून, पाकिटात, सदतीस दिवसांनी.
बेअरिंगं मुलीच्या स्केट्समधली
(तिला विचारून. नंतर.)
मोटरीची बैठक भाजी चिरायच्या फळीची.
बायको बघून गेली, काही बोलली नाही.
रात्री सूपमध्ये गाजरं अख्खी होती.

हँडल काढलं तेव्हा मात्र कसंसंच झालं.
मुठीवर अंगठ्याची खोबण होती.
माझा अंगठा तीत बसेना.

पहिलं वर्तुळ काढायला सांगितलं, तर अंडं आलं.
"ईस्टरला अवकाश आहे," क्सावेरी म्हणाला.

मळसूत्र झिजलेलं.
हाताने चालवणाऱ्याला ते बोटांत कळतं:
थोडं मागे, मग पुढे, ढिलाई संपली की कापायचं.
कॉम्प्युटरला बोटं नाहीत, त्याला आकडा लागतो.
नवा बॉलस्क्रू सहाशे चाळीस,
म्हणजे मशीनहून महाग,
आणि बस ड्रायव्हरचं अंथरूण केवढं ते मला माहीत.
म्हणून डायल गेज लावला,
दर पाच मिलिमीटरला पुढे, मागे, पुन्हा पुढे,
आणि लिहीत गेलो वीजबिलाच्या पाठीवर.

काठाला चार शतांश.
मग नऊ. मग बारा.
पंच्याऐंशीपासून एकशे दहापर्यंत एकतीस.
मग परत बारा, नऊ, चार.

मध्येच खळगा, पंचवीस मिलिमीटर लांब.
तेवढ्याच जागेत कुणी वर्षानुवर्षं
येत होतं, जात होतं.
ट्रेच्या तळाशी, तेलाच्या काळ्या थराखाली
बोट घातलं, तर पितळेचा कीस.

हँडल परत द्यायला गेलो रविवारी.
शेगडीवर काहीतरी करपलं होतं,
बाईंनी घाईने खिडकी उघडली,
आणि मी कडीकडे बघत राहिलो.
व्हर्नियर खिशात होताच, असतोच.
पंचवीस.
"ती होय," त्या म्हणाल्या, "तेव्हा दुकानांत काही मिळायचं नाही.
हिवाळाभर खिडक्या आम्ही दोरीने बांधायचो.
मग सगळ्या इमारतीला सोसायटीने नव्या बसवल्या.
झेनॉननेच सांगितलं होतं, सोसायटीने."
मी वीजबिल टेबलावर ठेवलं, पालथं.
त्यांनी आकडे वाचले नाहीत.
खिडकी लावली.
उघडली.
पुन्हा लावली, ह्या वेळी फार हळू.

स्क्रू बदललेला नाही.
तक्ता भरलाय, एकेक ओळ, एकतीसला एकतीस.
वर्तुळ आता वर्तुळ येतं, म्हणजे जवळपास.
मुलगी म्हणते जरा लांबट आहे,
पण तिचा राग अजून बेअरिंगांचा आहे.
पंच्याऐंशीच्या पुढे दिशा बदलली
की मोटर क्षणभर नुसतीच फिरते, काही कापत नाही,
सूर थोडा खाली येतो,
मग पातं पकडतं.

माझी सोळा नंबरची बस त्या इमारतीवरून जाते.
सिग्नल लाल मिळाला तर मी खिडक्या मोजायला घेतो,
चार जिने, पाच मजले.
तिसऱ्या जिन्यापर्यंत पोचतो,
आणि मागचा हॉर्न वाजवतो.