झांजा, एक जोडी

मस्कतच्या विमानतळावर अधिकाऱ्याने
त्या पडशीतून काढल्या, दिव्याखाली धरल्या,
हे काय? भांडं? सोन्याचा मुलामा?
पितळ, मी म्हटलं.
शब्द तिथेच संपले, म्हणून वाजवून दाखवल्या,
दोनदाच.
रांगेतलं एक पोर आईच्या कडेवरून वाकलं.
अधिकारी हसू दाबत म्हणाला, बस, बस,
आणि पडशीवर खडूने फुली मारली.

बावीस वर्षं गळा उघडा टाकून फिरलोय.
आठवडी बाजारात, कांद्याच्या ढिगांमधून,
एस्टी स्टँडवर, पाणपोईपाशी.
कोणी चहा दिला, कोणी दार लावून घेतलं.
गुरू म्हणायचे, नाव रस्त्यावर घ्यावं,
न मागणाऱ्यालाही मिळतं.

सोपान ढायगुडे, क्रेनवाला, मूळ फलटणकडचा,
त्याने गाडीतच सांगितलं,
स्वामी, म्हणायचं ते मेसच्या हॉलमध्ये,
चार भिंतींच्या आत. बाहेर नको.
मी मान डोलावली.
पाहुण्याने उंबरठा ओळखून बसावं.

सोहार. शुक्रवार. पत्र्याचा हॉल,
डाळीचा वास, दोरीवर निळे डगले.
नव्वद माणसं, आणि प्रत्येकाच्या कपाळावर
हेल्मेटचा वळ,
मी गंध लावतो त्याच जागी.
तोंड कोणाचंच उघडेना.
आठवडाभर यंत्रांवर ओरडलेले गळे
हळू गायला लाजत होते.
मग वेल्डर अप्पाराव डोळे मिटून सुरू झाला,
इतका बेसूर
की सगळ्यांना धीर आला.

गोविंद, गोविंद,
कोणी ताट घेतलं, कोणी बादली पालथी घातली,
बंगाली पोरगा बाकावर चढला, उतरला, पुन्हा चढला.
मी नाचत होतो. सदुसष्ट वर्षांचे गुडघे,
छाटी घामाने अंगाला चिकटलेली,
आणि पोटातून हसू येत होतं, उगाचच,
पहिल्यांदा बाजारात उभा राहिलो तेव्हासारखं.
तेव्हा मामा मला ओळखूनही
पान चघळत पुढे गेले होते,
आणि मला हसू आवरेना.

स्वयंपाकघराच्या दारातून दिसत होता गुल जमान,
पेशावरचा भटारी.
तो ऐकत नव्हता, रोट्या थापत होता.
थापा मात्र आमच्या तालात पडत होत्या.
मी पाहिलं. मी पाहिलेलं त्याने पाहिलं.
दोन थापा मुद्दाम चुकवल्या त्याने,
मग पुन्हा तिथेच आला.

संध्याकाळची बांग झाली.
झांजा मांडीवर टेकवल्या.
पितळ तळहातात अजून थरथरत होतं.
गुल जमान हात धुऊन गेला, परतला,
पीठ ओढून घेतलं.
कोणीतरी हळूच म्हणालं, चला.

रात्री सोपान म्हणाला,
आवाज गेटबाहेर जात होता, स्वामी.
मी दचकलो. मग?
मग काय.
पलीकडच्या वाळूत एक उंट बसला होता,
तो उठून उभा राहिला.

अंथरुणावर पडल्या पडल्या मी मोजत होतो,
नव्वद माणसं, एक भटारी,
विमानतळावरचं ते पोर,
आणि उंट धरावा की धरू नये.