एका दाताची चूक

गड्डा उठला की पहिल्या अमावस्येला
मी नान्नजच्या माळावर जातो.
शहर दक्षिणेला उरतं, पिवळट,
दुधावर साय धरावी तसं क्षितिजावर.
इकडे पोटरीतला शाळू, तिपाई, जुना कॅमेरा
आणि अंगावर चादर, दुय्यम प्रतीची.
तिच्यातल्या एका मोराला पाय नाही,
म्हणून ती घरातच राहिली.

यंत्र मैनुद्दीनने बनवलंय.
अक्कलकोट रोडला त्याची लेथ आहे.
भंगारातल्या मागाचं पितळी चाक घेऊन
त्याला एकशे चव्वेचाळीस दात पाडले,
पृथ्वी जितकी सावकाश फिरते
तितक्याच सावकाश उलटं फिरण्यासाठी.
पैसे विचारले तर म्हणाला,
फोटो आला तर फोटो दे,
नाही आला तर चहा पाज.

एक दात जाड झालाय.
मी त्याच्यावर खडूने खूण केलीय.
तो आला की दहा मिनिटं
सगळे तारे लांबट होतात, ज्वारीच्या दाण्यासारखे.
तेवढ्यात मी थर्मास उघडतो.
लांब कुठेतरी लांडगा ओरडतो, किंवा कुत्रं.
अंधारात दोघांत फार फरक नसतो.

मृगाच्या पोटातल्या बाणाखाली
डोळ्यांना दिसतो तो नुसता धुरकट ठिपका.
पण मी बावीस वर्षं रंगखान्यात आहे.
सूत टाकीतून निघताना काळंच दिसतं,
वाळल्यावर कळतं लाल किती धरला.
कॅमेऱ्याच्या काचेला तो लाल नको होता,
म्हणून काचच काढून टाकली,
चष्म्याच्या पेचकसाने, श्वास रोखून.
दोन-दोन मिनिटांच्या नव्वद फ्रेमा.
एकीत काही नाही.
एकीवर एक रचत गेलं की
तेराशे वर्षांपूर्वी निघालेला उजेड
हळूहळू रंग धरतो.

शेवटी टोपण लावून
अंधाराचेही वीस फोटो काढायचे.
त्यात उतरते कॅमेऱ्याची स्वतःची कुरकुर,
ती मोजायची आणि वजा करायची.
नायनांच्या कानात
बंद पडलेले चार माग अजून चालतात.
रात्री उठून ते म्हणतात, धोटा अडकलाय बघ.
त्यांच्यासाठी असं टोपण
मैनुद्दीनकडेही नाही.

फोटो छापून आणला तेव्हा
नायनांनी तो उजेडाकडे धरला.
अंगठा फिरवला, कडेपासून मधोमध,
गाठ शोधताना फिरवायचे तसा.
एका जागी थांबले. 'इथे कांडी बदलली.'
खरंच, तिथेच जाड दाताच्या पाच फ्रेमा
गाळायच्या राहून गेल्या होत्या.

मग त्यांनी फोटो उलटा केला.
मागे कोरा कागद.
'एम्रा, उलटी बाजू कुठाय?'
चादरीला असते ना,
इकडे लाल मोर, तिकडे पांढरा.
मी कानाशी जाऊन ओरडलो,
फार लांब आहे, नायना!
आपल्याला एकच बाजू दिसते!
तिकडून कसा दिसतो, कुणाला माहीत नाही!

ते बराच वेळ गप्प बसले.
मग फोटो माझ्या हातात दिला.
'एका बाजूवर माल पास करायचा नसतो.'

मैनुद्दीनला मी अजून चहाच पाजतोय.