सात हजार वेढे

कसोंदेची गिटार आधी माझ्या मांडीवर जन्मली.
लुआन्शाची खाणवस्ती, चौदावी गल्ली.
मुकव्याचं लाकूड मोडक्या पलंगाच्या उशाकडचं,
लोहचुंबक चर्चच्या फुटक्या कर्ण्यातलं,
आणि तांब्याची तार, केसाहून बारीक,
जळक्या पंख्याच्या मोटारीतून उलगडलेली.
बाबा म्हणाले, आपणच खणलेलं तांबं
साता समुद्रापार फिरून मोटार होऊन परत आलं,
घ्या, चोरी कसली त्यात.

आईच्या शिलाई मशीनच्या चाकाला रीळ बांधून
मी चाक फिरवायचे, बोटांतून तार सोडायचे.
सात हजार वेढे हवेत,
कसोंदेनं कुठल्याशा जुन्या मासिकात वाचलेलं.
मी अकरा वर्षांची.
शंभर झाले की मक्याचा एक दाणा बाजूला.

एकेचाळीस दाणे झाले आणि भोंगा वाजला.
शिफ्टचा नव्हे.
शिफ्टचा भोंगा आळोखेपिळोखे देत उठतो,
हा दचकून उठला.
आई अनवाणी धावली, तिच्यामागे मी.
कोंबड्यांनी दाणे टिपले.

बाबांना तिसऱ्या दिवशी वर आणलं.

महिन्यानं पुन्हा चाकाला हात लावला
तेव्हा कुठवर आले होते कोण जाणे.
अंदाजानं गुंडाळलं.
तार कुठे सैल, कुठे आवळलेली,
हात कापायचा.
कसोंदे म्हणाला, राहू दे गं, झालं.

मग तो आवाज.
घोगरा, आणि तिसऱ्या तारेवर किंचित अडखळणारा,
जसं हाक मारता मारता कुणी नाव विसरावं.

खाणीच्या हॉलमध्ये शनिवारी पाय ठेवायला जागा नसे.
नदोलाची पोरं नाचणं सोडून त्याची बोटं बघत उभी.
पुढे लुसाका, पुढे नैरोबी,
एक तबकडी निघाली, निळं पाकीट, पाचशे प्रती.
किटवेत म्हणे पोरं आपले स्पीकर सुईनं टोचायची,
तारांना वाळू चोळायची,
तसं काही निघावं म्हणून.
गुपित विचारलं की हा म्हणे, बहिणीला विचारा.
सगळे हसायचे.
विचारलं कुणीच नाही.

मग लंडनमध्ये कुणी फळ्यावरचा तांब्याचा आकडा पुसला
आणि आमच्याकडे साडेसातला दिवे जाऊ लागले.
विजेशिवाय ती गिटार म्हणजे पुन्हा पलंगाचं उसंच.
ड्रमवाला बोट्सवानाला गेला.
बेसवाला त्या तापात गेला,
ज्याचं नाव अंत्ययात्रेतही कुणी घेत नसे.
कसोंदेनं ट्रक धरला, दार-ए-सलामचा रस्ता,
आणि तोच ताप घेऊन घरी आला.

मी पेज भरवायचे.
त्याच्या डाव्या हाताची बोटं चादरीवर चालायची.
काय वाजवतोयस रे?
म्हणाला, मोजतोय.

परवा रॉटरडॅमहून एक मुलगा आला,
गुडघ्यावर फाटलेली पँट, पेटीत नाजूक यंत्रं.
ती निळ्या पाकिटाची तबकडी त्यानं
म्हणे त्याच्या गाडीच्या किमतीला घेतली.
तिकडची पोरं शिकतात त्यावरून.
गिटार त्यानं दोन्ही हातांनी उचलली,
बाळंतिणीचं मूल उचलावं तशी.
यंत्राचा काटा हलला, तो कपाळाला आठ्या घालून बसला.
मध्येच काहीतरी बिघडलंय, म्हणाला,
पण सगळं तिथंच आहे.
वेढे उलगडून मोजू का?

नाही, म्हटलं.
चहा घे.

मग मीच त्याला सांगितलं,
चाक, मका, भोंगा, कोंबड्या.
तो भरभर लिहीत होता.
मध्येच थांबून त्यानं बाबांचं नाव विचारलं.
लिहिलं, पण शेवटचं अक्षर गाळलं.
मी त्याच्या हातातून पेन घेतलं
आणि ते भरलं.